बेटासाठी विरजण

बदलीचा हुकूम आला की माझा नवरा सगळ्यात आधी चुना आणतो. क्वार्टर परत करताना ते नव्यासारखं दिसलं पाहिजे, आणि नव्यासारखं म्हणजे चुन्याचे दोन हात, हा त्याचा सिद्धान्त. एक हात तर कुणीही मारतो. तपासणीला येणारा सुभेदार दुसऱ्या हातावरून माणूस ओळखतो म्हणे. धैर्यशील खराडे इंजिनिअर रेजिमेंटमध्ये हवालदार आहे, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या यंत्रांचा कारागीर. आमच्या लग्नानंतरच्या वर्षांपैकी निम्म्याहून जास्त काळ तो अशा ठिकाणी होता जिथे बायकामुलांना नेता येत नाही. ओवी बोलायला लागली ते फोनवर, आणि कितीतरी दिवस तिला वाटायचं की बाबा हे फोनचंच नाव आहे. आता ती नऊ वर्षांची आहे. त्यामुळे या वेळी हुकमात ‘सहकुटुंब’ असा शब्द दिसला तेव्हा मी भांडी घासायची सोडून सरळ खुर्चीत बसले.

ठिकाण होतं इलोबा. हिंदी महासागरात फार दक्षिणेला असलेलं प्रवाळाचं बेट, आपल्या सरकारनं लष्करी तळासाठी भाड्यानं घेतलेलं. तिथे गोड्या पाण्याची विहीर नाही, पीक येईल अशी माती नाही, आणि समुद्र अलीकडे इतका खवळलेला असतो की रसदीचं जहाज कधी पोचेल याचा भरवसा नाही. मग तिथल्या माणसांनी खायचं काय?

त्याचं उत्तर म्हणजे एक टाकी. आपल्याकडच्या एखाद्या सिनेमागृहाएवढी मोठी, बंद, आणि आतून जिवंत. तळावरच्या माणसांच्या पोटातून जे बाहेर पडतं ते, भांड्यांचं पाणी, सालं, उष्टं, सगळं त्या टाकीत जातं. आत जिवाणू आणि शेवाळ असतात. ते या सगळ्याचे तुकडे करतात, त्यावर वाढतात, आणि दुसऱ्या टोकाला दोन गोष्टी मिळतात: स्वच्छ पाणी आणि हिरवट पीठ. त्या पिठाच्या पोळ्या होतात, शेवया होतात, खीरसुद्धा होते म्हणतात. ऐकून तुम्ही नाक मुरडणार हे मला माहीत आहे, मीही मुरडलं होतं. धैर्यशीलचं म्हणणं असं की शेतात खत घालून आपण दुसरं काय करतो, फक्त मधलं अंतर कमी केलंय.

अडचण वेगळीच होती. प्रत्येक माणसाच्या आतड्यात जिवाणूंचं एक गावच वसलेलं असतं. ते आपण खातो त्यावर ठरतं, आणि म्हणून घराघराचं वेगळं असतं. तळावर सुरुवातीला एक नवी तुकडी गेली, तिच्या पोटातले उपरे जिवाणू टाकीत पोचले, आणि टाकी नासली. उलट बाजूनंही तेच. आपल्या साध्या पोटाला ते हिरवं पीठ पचत नाही. तेव्हा आता नियमच झालाय. इलोबाला जाणाऱ्या प्रत्येकाचं पोट आधी बेटाशी जुळवून घ्यायचं. पहिल्यांदा एक औषध घ्यायचं, ज्यानं आतली जुनी वस्ती विरळ होते. विरळ, पण मुळासकट जात नाही. मग बेटावरच्या जिवाणूंच्या गोळ्या, आणि त्या रुजेपर्यंत फक्त बेटाचं सीलबंद अन्न. त्या गोळ्यांना आमच्या लाइनीतल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात नाव दिलं, विरजण.

आता लाइन म्हणजे काय ते सांगते. खडकीला फौजी कुटुंबांची क्वार्टर्स एका रांगेत आहेत, एकीची फोडणी दुसरीच्या डोळ्यांत जाईल एवढी जवळ. या रांगेचा एक रिवाज आहे. कुणाची बदली झाली, पेट्या बांधल्या गेल्या, की त्या घरानं चूल पेटवायची नाही. शेवटचे सगळे दिवस शेजारची घरं जेवण वाटून घेतात. सकाळी एकीकडून डबा येतो, संध्याकाळी दुसरीकडून. मी स्वतः कितीतरी घरांना असं निरोपाचं जेवू घातलंय, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी मनात आलंय की आमची पाळी आली की काय काय येईल.

आमच्या भिंतीला भिंत लागून नसीम शेख राहते. मूळची बार्शीची. नवरा इर्शाद सरहद्दीवर, घरी ती आणि तिची झोया. मी दुपारी कॅन्टीनच्या काउंटरवर असते, म्हणून शाळा सुटली की ओवी थेट नसीमकडे जायची. गेली तीन वर्षं तिचं एक वेळचं जेवण शेखांच्या घरी असायचं. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दालचा. घरी आल्यावर माझ्या आमटीला ओवी पाणी म्हणायची, आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

आमच्या पेट्या बांधल्या गेल्या त्या सकाळी नसीम डबा घेऊन आली. पहिली पाळी तिनं भांडून मिळवली होती. तोवर धैर्यशीलचं आणि माझं औषध आणि विरजण दोन्ही घेऊन झालं होतं, ओवीचं औषध त्याच दिवशी सुरू व्हायचं होतं. धैर्यशील दारात उभा राहिला.

“भाभी, नाही चालणार. बाहेरचं काही घ्यायचं नाही, ऑर्डर आहे.”

“बाहेरचं?” नसीम म्हणाली. “आवं भाऊजी, मी काय हाटेलातनं आणलंय का? आन् तुम्ही नका खाऊ. डबा तरी ठेवून घ्या की. पाळीचा डबा माघारी न्हेत न्हाईत.”

“घरात ठेवला तर हात लागणारच. एक नियम मोडला की पुढचे मोडतात.”

मी त्याच्या मागून काहीतरी बोलायला पुढे झाले, पण तोवर त्यानं डब्याला हातही न लावता मान हलवली होती. नसीम तसाच भरला डबा घेऊन परत गेली. लाइनीत भरला डबा भरलेलाच परत जाताना मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. तिच्यामागे तिच्या घराचं दार लागलं ते हळू, आणि मला ते आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी मी धैर्यशीलशी कामापुरतंच बोलले. तो बिचारा चुना कालवत बसला.

ओवीचं विरजण काही लागेना. आम्हा दोघांचं आठवड्यात लागलं होतं. हिरव्या पिठाच्या पोळ्या पुठ्ठ्यासारख्या लागत होत्या, पण पचत होत्या. ओवीला मात्र पोटात कळा यायच्या, खाल्लेलं टिकत नव्हतं. बघता बघता तिचे गाल बसले. एके दिवशी ती गणवेशाचा पट्टा आवळत म्हणाली, “आई, याला अजून एक भोक पाड ना,” आणि मी तिला उचलून सरळ दवाखान्यात नेलं.

छावणीत या जुळवणीचं काम मेजर काटदरे मॅडमकडे होतं. बारीक चणीच्या, बोलायला तोडून टाकल्यासारख्या, पण लहान मुलांना तपासताना आधी स्वतःचे हात चोळून गरम करायच्या. त्यांनी तपासणीचा निकाल बघितला आणि चष्मा काढला.

“हिचं आतडं जवळजवळ मोकळं आहे. औषधानं वस्ती विरळ व्हायला हवी होती, इथे तर काहीच उरलेलं नाही. किती मात्रा दिली होती?”

“सांगितली तेवढीच,” मी म्हणाले.

धैर्यशील बूट बघत होता. अकरा वर्षांच्या संसारात मला एवढं नक्की कळलंय की हा माणूस बूट बघायला लागला की काहीतरी निघणार.

“मॅडम,” तो म्हणाला, “मी दोनदा दिली. दुसऱ्या दिवशी परत. म्हटलं, राहायला नको काही. दुसरा हात मारला.”

मॅडमना पहिल्यांदा कळलंच नाही. मग मी त्यांना चुन्याबद्दल सांगितलं. त्यांनी चष्मा परत चढवून त्याच्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता हा कोर्टमार्शलला जातो. माझं म्हणाल तर मला त्याला त्याच चुन्याच्या बादलीत बुडवावंसं वाटत होतं. पण त्याचा चेहरा इतका पडला होता की त्यात माझी भर घालण्यात अर्थ नव्हता. त्यानं ते निष्काळजीपणानं केलं नव्हतं. आम्ही तिघं एकत्र जायचं यात कणभरही कसर राहू नये म्हणून केलं होतं.

“ऐका,” मॅडम म्हणाल्या. “भांडंभर दुधात परक्या दह्याचा एकच थेंब टाकला, तर ते लागेलच असं नाही. हिला गोळीचा थेंब पुरणार नाही. हिला दुसऱ्या माणसाच्या आतड्यातली अख्खी जमलेली वस्ती द्यावी लागेल. म्हणजे दात्याची विष्ठा घ्यायची, शुद्ध करायची, नळीनं हिच्या आतड्यात सोडायची. जुना उपाय आहे, भिण्यासारखं काही नाही. पण दाता असा हवा की ज्याची वस्ती हिच्या मूळच्या वस्तीसारखी होती. साधारणपणे आई देते.”

“मग माझी घ्या,” मी म्हणाले.

“तुमची आता बेटाची झाली, मिसेस खराडे. तुमच्या दोघांचीही. जुनी उरलीय ती नावापुरती.”

मी तिथेच बाकावर बसले. ज्या पोटात ओवी वाढली ते पोट तिच्या उपयोगाचं राहिलं नव्हतं. मॅडमनी मग बाकीचंही सांगितलं. जहाजाची तारीख बदलणार नव्हती. धैर्यशील टाकीचा कारागीर, त्याला जावंच लागणार. ओवी तोवर जुळली नाही तर ती आणि मी मागे राहणार, आणि नेमणूक तीन वर्षांची होती. ओवी बाकाच्या दुसऱ्या टोकाला पाय हलवत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. “मी बाबांना परत फोनवरच बघायचं का?” तिनं विचारलं, आणि धैर्यशील पाणी आणायला म्हणून बाहेर गेला.

खटावहून माझी नणंद आली, तिचा नमुना घेतला. रक्ताची आत्या, पण पोटानं अगदी परकी निघाली. ओवीचा जुळवणीच्या आधी घेतलेला निकाल संगणकात होता, नमुना मात्र ठेवलेला नव्हता. त्या निकालाशी आत्याचं फारच थोडं जुळत होतं. मॅडम म्हणाल्या, “रक्ताचा यात फारसा संबंध नसतो. तुमची मुलगी कुणाच्या हातचं जेवत होती?”

धैर्यशीलनं आणि मी एकाच वेळी एकमेकांकडे बघितलं.

त्या संध्याकाळी तो नसीमच्या दाराशी जाऊन उभा राहिला, गणवेशात, ताठ. मी आमच्या ओट्यावरून बघत होते. मी जाते म्हटलं तर नको म्हणाला, ‘डबा मी परत पाठवला होता, मीच जाणार.’ नसीमनं दार उघडलं. तिला ओवी आजारी आहे एवढं ठाऊक होतं, रोज भिंतीवर टकटक करून ती मला विचारायची. पण आत बोलावायची नाही, आणि आमच्याकडे यायचीही नाही.

“भाभी, एक मागायचं होतं.”

“मागा की.”

“ओवीसाठी.” तो थांबला. “मॅडम म्हणाल्या की तुमच्या... म्हणजे तुमचं जे... सकाळचं...”

“आवं भाऊजी, सांगा की सरळ. असं खांबावानी हुबं ऱ्हाऊन काय व्हायलंय?”

त्यानं सांगितलं. कसं सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण नसीमनं आधी पदर तोंडाला लावला, मग ती भिंतीला टेकली, मग तिला हसू आवरेना. धैर्यशीलचे कान लाल झाले होते.

“म्हंजी माझ्या हातचं चाललं न्हाई,” ती डोळे पुसत म्हणाली, “आन् आता हे चालतंय व्हय तुम्हाला?”

“चुकलो, भाभी.”

ती हसायची थांबली. आमच्या ओट्याकडे बघून तिनं मला हाक मारली. “खराडे भाभी, उंद्या किती वाजता जायाचं ते सांगा. आन् लेकराला सांगा, नसीमचाची येतीया म्हणून.”

नसीमचा नमुना ओवीच्या जुन्या निकालाशी इतका जुळला की मॅडमनी यंत्र बंद करून पुन्हा चालवलं. पण अडचण संपली नव्हती. नियमाप्रमाणे दाता रक्ताचा किंवा त्याच घरातला हवा. मॅडमचे वरिष्ठ कर्नल होते, संमती त्यांची लागणार होती. त्यांनी धैर्यशीलला आणि मला समोर बोलावलं.

“ही बाई तुमची शेजारीण आहे. नियम म्हणतो, रक्ताचं नाही तर एका चुलीवर जेवणारं माणूस पाहिजे. कारण उघड आहे, परक्या घरातून काय येईल सांगता येत नाही. हवालदार, ही तुमची कोण?”

धैर्यशील नियमाबाहेर एक पाऊल टाकत नाही. खोटं तर त्याला सुट्टी वाढवण्यासाठीसुद्धा बोलता येत नाही, त्यापायी आमच्या दोन दिवाळ्या वेगवेगळ्या गेल्यात. मला वाटलं संपलं.

“सर,” तो म्हणाला, “माझी मुलगी माझ्या चुलीवर कमी आणि त्यांच्या चुलीवर जास्त वाढलीय. मी इथे नव्हतोच. तुमचं यंत्र तेच सांगतंय. आमची चूल एकच आहे, सर. मला ते आता कळलं.”

कर्नलनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, “निकाल तसाच आहे, सर. हे घर भिंतीपाशी संपत नाही.” कर्नलनी कागद ओढून संमतीची सही केली.

पुढचं काम नसीमनं करायचं होतं, आणि ते सोपं नव्हतं. तिनं ते औषध घ्यायचं नाही; जुन्या वस्तीनं भरलेल्या तिच्या पोटातच आधी बेटाचं विरजण लावायचं, आणि ते जमलं की ओळखीची आणि बेटाची अशा दोन्ही वस्त्या तिच्याकडून ओवीला एकत्रच द्यायच्या. आपलं विरजण बिघडलं की आपण वाटी घेऊन शेजारी जातो, तितकंच साधं होतं ते ऐकायला. प्रत्यक्षात तिला त्या गोळ्यांनी ताप आला, पोट गच्च झालं, आणि तोवर हिरव्या पिठाशिवाय काही खायचं नाही असं ठरलं. मॅडमनी आणखी एक सांगितलं, जुळलेल्या पोटाला सहा महिने तरी तिखट सोसणार नाही. नसीम कुठल्याही जेवणाला बसताना आधी चटणी घेते आणि मग बाकीचं. तिनं एवढंच विचारलं, “सहा म्हयन्यांनी सोसंल ना? मग झालं.” झोयाला त्या दिवसांत लाइनीतल्या बाकीच्या घरांनी जेवू घातलं.

आणि ती रोज दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायला यायला लागली. आम्हाला तिचं चालत नव्हतं, तिला आमचं चालत होतं. रिकाम्या घरात, बांधलेल्या पेट्यांवर ताटल्या ठेवून आम्ही चौघं तो पुठ्ठा खायचो. निरोपाच्या दिवसांत लाइनीनं आम्हाला जेवू घालायचं, ते जमलं नाही, तर नसीमच आमच्याबरोबर उपाशीपोटी बसल्यासारखी बसली. एकदा तिला फणफणून ताप होता, तरी आली. मी म्हटलं, “नसीम, आज तरी घरी पडून राहा.” ती म्हणाली, “घरी गेलं की चटणीची बरणी दिसती. हितं बरंय.” मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. माझ्या सख्ख्या बहिणीनंही माझ्यासाठी इतकं केलं असतं का, मला सांगता येत नाही, आणि सांगायची गरजही वाटत नाही. नसीमनं केलं.

ओवीला नळीतून ते दिलं त्यानंतर दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं अर्धी पोळी खाल्ली, आणि ती टिकली. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं अख्खी खाल्ली, आणि म्हणाली, “आई, घाण लागते, पण अजून दे.” मी आयुष्यात कुठल्याही स्वयंपाकाचं एवढं कौतुक ऐकलेलं नाही. जहाजाच्या आधी मॅडमनी शेवटची तपासणी केली आणि निकाल मला न दाखवता ओवीला दाखवला. “बेटावर चल,” त्या तिला म्हणाल्या.

निघायच्या दिवशी बंदराकडे नेणारी बंद गाडी लाइनीच्या तोंडाशी आली. जुळलेल्या माणसांना आता बाहेरच्या कुणी शिवायचं नव्हतं. म्हणून एक पिवळी दोरी बांधली होती, आणि सगळी लाइन दोरीपलीकडे उभी होती. बायका हात हलवत होत्या, कुणी डोळे पुसत होतं, झोया कुणाच्या तरी कडेवरून ओरडून काहीतरी सांगत होती. बदलीच्या दिवशी एरवी जी गळाभेट होते ती नव्हती, आणि ती नसल्यामुळे सगळ्यांना हात कुठे ठेवायचे हा प्रश्न पडला होता.

नसीम दोरी उचलून आत आली. पहारेकरी पुढे झाला, तेवढ्यात मॅडम त्याला म्हणाल्या, “त्यांना येऊ दे. त्या जुळलेल्या आहेत.”

सगळ्या लाइनीत आम्हाला शिवू शकणारं ते एकच माणूस होतं. तिनं ओवीला पोटाशी धरलं, तिच्या वेण्या सोडून पुन्हा घट्ट घातल्या, तिच्या गालांवरून हात फिरवला, आणि मग मला मिठी मारली, दोरीपलीकडच्या सगळ्यांच्या वाटची. धैर्यशील समोर येऊन म्हणाला, “भाभी, हे उपकार मी कसे फेडणार मला माहीत नाही.”

“फेडताय कशाला? ऱ्हाऊ द्या तसंच,” ती म्हणाली. “आन् तिकडं हिचं पोट दुखलं तर पयलं मला सांगायचं. माझं हाय ते.”

आम्ही गाडीत बसलो. ड्रायव्हरनं मागे वळून विचारलं, “उस्ताद, कितीजण?”

“तीन,” धैर्यशील म्हणाला. ड्रायव्हरला ऐकू गेलं होतं, पण धैर्यशीलनं ते पुन्हा एकदा सांगितलं.